चव्वेचाळीस सुट्या वाती

१

त्रिपुरी पौर्णिमेच्या आदल्या सकाळी गंगुकाकींच्या माजघरात सात डबे उघडले गेले, आणि सातव्यात वाती कमी भरल्या.

साल एकोणीसशे बत्तीस. त्याच वर्षी वैशाखात गंगुकाकींचं गलबत मुंबईहून परतताना वादळात सापडलं होतं. डोलकाठी मोडली, शीड फाटलं, पण धाकटा मुलगा धोंडू तांडेल आणि त्याचे सगळे खलाशी रत्नागिरीच्या मांडवी बंदराला जिवंत लागले. धोंडूची बायको दमयंती हिने त्या दोन दिवसांत शंकराला लक्षवातींचा नवस बोलला होता. एक लाख वाती हाताने वळायच्या, चातुर्मास संपताना तुपात भिजवून देवळात लावायच्या. एक कमी नको, एक जास्त नको.

एक लाख वाती एका बाईने वळायच्या म्हणजे हाताची सालटं निघायची. म्हणून आषाढात बायका जमवल्या. गंगुकाकींचं म्हणणं पाच जणी घ्याव्यात. "वीस-वीस हजार. सरळ वाटणी. उरायचं नाही न् पुरायचं नाही."

पण शेजारच्या मथुराबाईंनी सात सांगितल्या. मथुराबाई मुलींच्या शाळेत गणित शिकवीत. वय चाळिशीचं, अंगाने काटक, आणि भागाकार म्हणजे त्यांचा विडा-सुपारी होता. दुसऱ्या कुणाला दुपारी झोप लागावी तशी त्यांना पाटीवर बाकी लागत असे. त्यांनी तिथल्या तिथे पाटी काढली.

"लाखाला सातांनी भागलं की प्रत्येकीला चौदा हजार दोनशे पंच्याऐंशी. खाली बाकी पाच. त्या पाच दमयंतीनं स्वतः वळाव्यात, नवस तिचा आहे."

"आणि बाकी ठेवायची नसेल तर?" दमयंतीने विचारलं.

"तर भागत बसावं लागेल. सात, एक, चार, दोन, आठ, पाच, पुन्हा सात, पुन्हा एक. याला आवर्त दशांश म्हणतात. जन्मभर भागलंस तरी तेच सहा आकडे फेर धरतील."

"मंगळागौरच की," दमयंती म्हणाली, आणि बायका हसल्या.

सातवी बाई म्हणून मथुराबाईंनीच तुळसाचं नाव सुचवलं. तुळसा म्हणजे त्याच गलबतावरच्या लवू खलाशाची बायको, पूर्णगडची माहेरवाशीण. नवऱ्यासाठी देवाला काही बोलायची ऐपत नव्हती तिची, पण वाती वळायला हात होते. गंगुकाकी जराशा कुरकुरल्या आणि हो म्हणाल्या.

आता चार महिन्यांनी ते सात डबे समोर होते. सहा डब्यांत प्रत्येकी शंभराच्या एकशेबेचाळीस जुड्या आणि वर पंच्याऐंशी सुट्या वाती. तुळसाच्या डब्यात मथुराबाईंनी स्वतः मोजल्या तेव्हा जुड्या भरल्या एकशेएक्केचाळीस, आणि सुट्या वाती फक्त चव्वेचाळीस.

गंगुकाकींना लिहिता-वाचता येत नसे, पण गलबताच्या मालकीण होत्या त्या. तोंडी हिशेब त्यांचा पक्का. "एक जुडी गेली. वर एकेचाळीस सुट्या गेल्या. एकशेएक्केचाळीस वाती कमी."

"मी पुऱ्या वळल्या, काकी," तुळसा म्हणाली.

"मग त्या पाय फुटून गेल्या?"

"सोडून मोजूया का एखादी जुडी?" दमयंती हळूच म्हणाली.

"खुळी आहेस काय? कुंकू लागलंय त्यांना. देवापुढं गेल्याशिवाय दोरा सुटायचा नाही." गंगुकाकी उभ्या राहिल्या. "परवा पहाटे गलबत सुटेल. उद्या संध्याकाळपर्यंत या वातींचा पत्ता लागला तर ठीक. नाहीतर लवूला सांग, दुसरा मालक बघ. देवाच्या वातीत खोट घालणाऱ्या घरचा माणूस माझ्या गलबतावर नको."

तुळसाने डोळ्याला पदर लावला नाही. ती नुसती मथुराबाईंकडे बघत राहिली. तिला या घरात आणलं होतं ते त्यांनीच.

२

मथुराबाईंनी शाळेत सुट्टीची चिठ्ठी धाडली आणि चौकशीला माजघरापासूनच सुरुवात केली.

डबा तीन दिवस थोरल्या सुनेच्या, कमळाच्या, ताब्यात होता. किल्ली तिच्या कमरेला. कमळा फणसाचे गरे सोलावेत तशी सावकाश बोलणारी बाई.

"उघडला होता डबा. खोटं कशाला सांगू? कसर लागू नये म्हणून कापराची वडी टाकली आत. सातही डब्यांत टाकली."

"वाती काढल्यास?"

"मी? स्वतः चौदा हजार वळल्यानंतर? वात बघितली तरी बोटं दुखतात माझी."

चिमा मोलकरीण परसात भांडी घासत होती. मथुराबाईंनी विचारताच तिने राखेचा हात कमरेवर ठेवला.

"चोरायचंच तर शेजारी तुपाची बरणी आहे. ती सोडून मी कापूस चोरीन? तेवढी येडी असते तर पाच वर्षं या घरात टिकले असते?"

"उंदीर?"

"उंदीर डब्याचं झाकण उघडतो, मोजून वाती घेतो, परत लावतो? असला उंदीर असेल तर शाळेत घ्या त्याला, बाई."

मथुराबाई हसल्या, पण चिमाच्या बोलण्यातला एक शब्द त्यांना टोचला. मोजून. ज्याला दिव्यापुरत्या वाती हव्या असतील तो मूठभर सुट्या उचलील. ज्याला जास्त हव्या असतील तो जुडी उचलील. जुडी घ्यायची आणि शिवाय सुट्यांतल्या एकेचाळीस वेगळ्या करून घ्यायच्या, हा कुठला चोर?

त्या परत माजघरात आल्या तर तिथे धोंडू तांडेल आला होता, आणि त्याच्याबरोबर आळीतले सखाराम सोनार, काखेत तराजूची पेटी घेऊन.

"सोडायच्या नाहीत ना जुड्या? मग तोलूया," धोंडू म्हणाला. त्याला ही सगळी भानगड लवकर संपायला हवी होती. लवू त्याचा वादळातला जोडीदार होता.

सखाराम सोनारांनी एका पारड्यात कमळाची जुडी ठेवली, दुसऱ्यात तुळसाची. तुळसाचं पारडं वर गेलं. दुसरी जुडी ठेवली, तेच. तिसरी, तेच.

"दोन-तीन गुंजा हलकी भरते दरवेळी," सखाराम म्हणाले आणि खाली बघत तराजू आवरू लागले.

गंगुकाकींचा आवाज अगदी शांत झाला. "म्हणजे जुड्या कमी आहेतच, वर जुड्यांतही कमी भरल्यात. मास्तरीणबाई, पाच जणी घेतल्या असत्या तर हे लचांड मागं लागलं नसतं."

३

तुळसाचं घर बंदराच्या वाटेवर, माडांच्या सावलीत. दारात लवू जाळं सांधत बसला होता. मथुराबाईंना बघून उठला आणि जाळं घेऊन बाजूला झाला. त्याच्या चालण्यावरूनच कळत होतं की बातमी पोचली आहे.

"तुळसा, तू मोजल्यास कशा?"

"या, दाखवते."

चुलीमागची भिंत कोळशाच्या रेघांनी भरून गेली होती. दहा वाती झाल्या की एक रेघ. दहा रेघा झाल्या की त्यांच्याभोवती एक गोल. आषाढातल्या रेघा धुराने पुसट झालेल्या, कार्तिकातल्या ठळक. मथुराबाई पदर खोचून भिंतीशी बसल्या आणि मोजू लागल्या. तुळसाने मध्येच चहा आणून ठेवला, तो निवून गेला.

गोल एकशेबेचाळीस. सुट्या रेघा आठ. खाली पाच ठिपके.

चौदा हजार दोनशे पंच्याऐंशी. एकही इकडे तिकडे नाही.

"आणि जुड्या कधी बांधल्यास?"

"सगळ्या शेवटी. रेघा पुऱ्या झाल्या तेव्हा टोपलीतला सगळा ढीग घेतला न् दोन दिवस बसून बांधल्या."

"किती झाल्या ते मोजलंस?"

"ते कशाला मोजू? वाती मोजल्या होत्या की."

तिने हातावर एक वात ठेवली. साच्यातून काढल्यासारखी बारीक, एकसारखी, दोन्ही टोकं निमुळती. मथुराबाईंनी आपली स्वतःची वात आठवली. ती म्हणजे अंगठ्याएवढा कापूस, मध्येच जाड, मध्येच बारीक. सखाराम सोनारांच्या तराजूने काय सांगितलं होतं ते त्यांच्या लक्षात आलं. कमळाचा हात जाड, तुळसाचा बारीक. दोघींच्या जुड्या एकमेकींशी तोलून संख्या कळायची नाही, नुसता कापूस कळायचा.

पण हे सांगून गंगुकाकी ऐकणार नव्हत्या. भिंतीवरच्या रेघांचं सांगितलं तर म्हणतील, रेघा काय, कुणीही ओढील.

"बाई," तुळसाने दारापर्यंत येऊन विचारलं, "तुम्हालातरी पटलं?"

"भिंत पटली," मथुराबाई म्हणाल्या. "पण डबाही मी स्वतः मोजलाय. आता तो कसा खोटा म्हणू?"

४

घरी येऊन त्यांनी भात टाकला आणि ओट्यावर पाटी घेऊन बसल्या. उन्हं उतरली होती. समोरच्या अंगणात कुणीतरी आमसुलं परत डब्यात भरत होतं, त्याचा आंबट वास येत होता.

भिंत खरी. डबाही खरा. दोन्ही खरी असतील तर वाती गेल्याच नाहीत. तेवढ्याच आहेत आणि त्या डब्यातच आहेत. फक्त आपण म्हणतो तशा बांधलेल्या नाहीत.

गंगुकाकी म्हणाल्या, जुड्यांत कमी भरल्यात. बरं. धरू, तसंच आहे. एका जुडीत नव्व्याण्णव वाती असतील तर? पाटीवर भागाकार मांडला. जुड्या येतात एकशेचव्वेचाळीस, बाकी एकोणतीस. अठ्ठ्याण्णव असतील तर? जुड्या एकशेपंचेचाळीस, बाकी पंच्याहत्तर.

मथुराबाईंनी खडू खाली ठेवला. जुडीत कमी भरल्या असत्या तर जुड्या जास्त झाल्या असत्या. तुळसाच्या जुड्या तर कमी आहेत. इतका वेळ सगळी आळी उलट्या दिशेनं धावत होती.

त्यांनी शंभराच्या पलीकडचा आकडा घेतला. एकशेएक. चौदा हजार दोनशे पंच्याऐंशीला एकशेएकाने भागलं. भागाकार आला एकशेएक्केचाळीस. वजाबाकी करून खालची बाकी लिहिली, आणि त्या आकड्याकडे बघत राहिल्या.

चव्वेचाळीस.

भात करपल्याचा वास आला. त्यांनी पातेलं उतरवलं आणि पुन्हा पाटीशी बसल्या. खरं तर उत्तर मिळालं होतं, पण हात थांबेना. बाकीपुढे शून्य दिलं आणि भागत गेल्या. चार, तीन, पाच, सहा. मग पुन्हा बाकी चव्वेचाळीस. ज्या दारातून निघाली त्याच दारात परत येऊन उभी. शंभरानं भागलं की गणित दोन आकड्यांत मुकाट्यानं संपतं. एकशेएकानं भागलं की ते असं चार घरांचा फेरा घेतं न् पुन्हा पहिल्या घरी. मथुराबाईंना उगीचच बरं वाटलं. मग त्यांनी पदरानं पाटी पुसली, चव्वेचाळीस तेवढे ठेवले, आणि करपलेला भात वरवरचा काढून जेवल्या.

कसं झालं ते कळलं होतं. का झालं ते कळायचं होतं.

५

सकाळी त्या तुळसाकडे गेल्या त्या काही न सांगता. कोपऱ्यात नव्या केरसुणीसाठी माडाच्या झावळीचे हीर सोलून ठेवले होते. मथुराबाईंनी ते पुढ्यात ओढले.

"तुळसा, वाती बांधल्यास तशी यांची एक जुडी बांधून दाखव."

"आता? हिरांची?"

"आता."

तुळसाने डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं, पण बसली. दहा-दहाचे वाटे करीत गेली. दहा वाटे झाले. ते एकत्र केले, हाताने थोपटले, ढिगातला आणखी एक हीर उचलून वर ठेवला आणि दोऱ्याची गाठ मारली.

"हा कुठला?" मथुराबाईंनी विचारलं.

"कुठचा?"

"हा. सगळ्यांत वर ठेवलास तो."

तुळसाने जुडीकडे बघितलं, जणू तो हीर तिला पहिल्यांदाच दिसत होता. "तो वरचा. गाठ मारायच्या आधी एक वर ठेवायचा. आईनं तसंच शिकवलंन. आमच्याकडं पूर्णगडला सुके बोंबील बांधायचे तरी शंभरावर एक. शून्यावर गाठ मारू नये म्हणायची ती."

"हे काल का नाही सांगितलंस, गो?"

"कुणी विचारलंन?" तुळसा म्हणाली. मग तिच्या तोंडावरचा रंग बदलला. "म्हणजे... बाई, प्रत्येकीत एक जास्त गेली काय?"

"एकशेएक्केचाळीस जुड्यांत एकशेएक्केचाळीस. काकी ज्या शोधताहेत त्याच."

लवू ओटीवरून आत डोकावला. त्याला काही कळलं नव्हतं, पण बायको रडते आहे आणि मास्तरीणबाई हसताहेत एवढं दिसलं. तो तसाच दारात उभा राहिला, हातात जाळं.

६

गंगुकाकींनी सगळं ऐकून घेतलं. भिंत ऐकली, हीर ऐकले, पाटीवरचे आकडे मथुराबाईंनी एकेक करून सांगितले तेही ऐकले. चिमा घासलेली समई हातात घेऊन खांबाशी उभी होती.

"समज," काकी शेवटी म्हणाल्या, "चोरी झाली असती. मग?"

"मग भिंतीवरच्या आकड्यातून सुट्या वाती वजा करून उरलेल्या जुड्यांत वाटल्या की काहीतरी बाकी उरली असती, काकी. इथं चौदा हजार दोनशे एक्केचाळीस वाती एकशेएक्केचाळीस जुड्यांत वाटल्या तरी काही उरत नाही. प्रत्येकीत बरोबर एकशेएक. चोरी करून बाकी शून्य ठेवणारा चोर अख्ख्या रत्नांग्रीत नसेल."

"असला तर तो शाळेत शिकवत असेल," चिमा म्हणाली.

गंगुकाकींनी तिच्याकडे बघितलंही नाही. "पाटी तुझी. आकडे तुझे. बाईही तूच आणलेली. मी काय बघितलं? जुडी तर बंदच आहे." मग म्हणाल्या, "संध्याकाळी देवापुढं दोरा सुटेल. तेव्हा मी मोजीन."

संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात परातीत तूप पातळ करून ठेवलं होतं. बाहेर दीपमाळेवर माणसं चढली होती. दमयंती नवं लुगडं नेसून, धोंडूच्या शेजारी पाटावर. मोठमोठ्या पणत्या मांडलेल्या. लवू पायरीवरच थांबला होता, आत आला नव्हता. उजाडताना निघायचं की नाही हे त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं.

पूजा झाली. भटजी म्हणाले, "सोडा दोरे."

बायकांनी आपापले डबे पुढे ओढले. गंगुकाकींनी तुळसाचा ओढला. वरची पहिली जुडी घेतली, दोरा सोडला आणि मोठ्याने मोजू लागल्या. बाकीच्या बायकांचे हात थांबले. मथुराबाईंनी पाटीवर हजारदा पडताळलेलं गणित होतं, तरी त्याही ओठांतल्या ओठांत मोजू लागल्या. पाटीवर वाती नसतात, नुसते आकडे असतात.

"अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव. शंभर."

गंगुकाकींच्या डाव्या हातात एक वात उरली होती.

त्यांनी ती उजेडात धरली. मग ती बाजूला ठेवली, दुसरी जुडी घेतली, आणि पुन्हा एकपासून मोजलं. पुन्हा शंभर झाले, पुन्हा एक उरली. तिसऱ्या जुडीला त्यांनी हात घातला तेव्हा भटजींनी खाकरून बघितलं.

"काकी, वेळ होईल. दिवेलागण झाली."

"थांबा म्हणावं देवाला. मी बोलले ते चार बायकांच्या देखत बोलले. मोजणार तेही चार बायकांच्या देखत. सगळ्या मोजीन." त्यांनी मान न वळवता हाक मारली, "धोंडू, लवू बाहेर का उभा आहे? त्याला म्हणावं आत येऊन देवाला हात जोड, आणि लवकर घरी जाऊन झोप. पहाटे भरतीला निघायचंय."

लवू आत आला. त्याने देवाला नमस्कार केला, मग न राहवून गंगुकाकींनाही केला, आणि वर बघताना बायकोकडे बघितलं.

गंगुकाकी तिसरी जुडी मोजत होत्या. त्यांची बोटं जाडजूड, वाती बारीक. दोन-दोन एकदम सुटत होत्या, त्या पुन्हा मागे घेत होत्या, आणि पुन्हा सुरुवात करीत होत्या. एकशेअडतीस जुड्या अजून बाकी होत्या. कुणी हसलं नाही. दमयंती अवघडून बसली होती.

तुळसा आपल्या जागेवरून उठली. लुगड्याचा काठ सावरून ती काकींच्या समोर जाऊन बसली.

"काकी, जरा सरका," ती म्हणाली. "निम्म्या इकडं द्या."

गंगुकाकी सरकल्या.